आमची वाटचाल : खोका, पाइप आणि वाळू

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, जिथं आधी आमचे चार माग चालायचे त्याच शेडमध्ये आता स्पीकर बनतात. मागावरनं स्पीकरवर कसे काय आलात असं लोक विचारतात. सरळ सांगायचं तर माग परवडेनात, आणि मला स्पीकर खोलून बसायचा नाद शाळेपासूनच होता. वडील म्हणायचे, आयुष्यभर खटाक-खटाक ऐकून माझे कान गेले, तुझे तरी कामाला येऊ देत.

पहिला खोका केला तो गणपतीच्या मखरातनं उरलेल्या ६ एमएम प्लायचा, मापं सगळी डोळ्यानं. आवाज असा यायचा की कुणीतरी माठात तोंड घालून बोलतंय. खोका किती लिटरचा हे वुफरचा, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, स्वभाव बघून ठरवावं लागतं हे नंतर कळलं, ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्येच ही गणितं मांडून ठेवली होती, पुढं रिचर्ड स्मॉल यांनी ती वाढवली, म्हणून वुफरच्या डेटाशीटवर थील-स्मॉल आकडे छापलेले असतात. आता आमच्या साडेसहा इंची मॉडेलला १८ एमएम एमडीएफचा (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) २० लिटरचा खोका आणि साधारण ४५ हर्ट्झला ट्यून केलेला पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर करणारी नळी, असतो. आमचा पोर्ट म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप, १६ सेंटिमीटर कापलेला! हे सांगितलं की गिऱ्हाइकाचं तोंड पडतं, पण पाइप कुठल्या दुकानातला आहे हे हवेला थोडंच कळतं. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटच्या, कॉइलीपण आम्हीच गुंडाळतो, मागाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं आपल्याकडं आहेतच, तांब्याची तार तिथनं किलोवर मिळते. खोक्याच्या आत आवाज घुमू नये म्हणून सुरुवातीला मी हुशारी करून टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या भरल्या, सोलापूर आहे म्हणलं, टॉवेलला काय तोटा, तर जोरात गाणं लावलं की पोर्टमधनं कापसाचं पीस बाहेर. आता रजईवाल्याकडचं वॉडिंग, म्हणजे रजईत घालायचा मऊ थर, लावतो, वरनं पातळ कापड.

पण आम्हाला ओळख मिळाली ती स्पीकरमुळं कमी आणि खालच्या लोखंडी स्टँडमुळं जास्त. पहिली जोडी एका रिटायर मास्तरांनी घेतली, नाट्यसंगीताचे शौकीन, आणि नेऊन ठेवली शोकेसवर. तान खाली उतरली की आतल्या कपबश्या साथीला. ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, तर त्यांच्या डोक्याच्याही वर. खुर्चीत बसल्यावर माणसाचा कान जमिनीपासून ९०-९५ सेंटिमीटरवर येतो, ट्विटर तिथं पाहिजे. मास्तरांना म्हणलं स्टँड करून देतो, फुकट. तिथंच फसलो.

डोक्यात खूळ असं की घरच्या मागाचे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाय भंगारात पडलेत, तेच प्लेटला वेल्ड करायचे. बीड जड, वर ठोकलं तर टण्ण करत नाही, म्हणजे स्पीकरखाली एकदम झकास. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चाचा खिडक्यांच्या जाळ्या करायचे, त्यांचं मशीन मागून आणलं. चाचा म्हणाले, "काय करालाय बे हे? बीडाला साधा रॉड धरत नसतो." मी ऐकतोय कुठं. संध्याकाळी जोडलं, दिसायला मस्त, आणि रात्री थंड होताना टक करून आवाज आला, सकाळी बघतो तर वेल्डच्या कडेनं केसासारखी चीर. त्याला निकेलचा रॉड लागतो आणि तो महाग पडतो. शेवटी बीडाला भोकं पाडून बोल्टनं आवळलं, ती जोडी मास्तरांकडं अजून उभी आहे. काच नीट न धरता वेल्डिंग केल्यामुळं त्या रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं होतं, डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो होतो ते वेगळंच.

मग चाचांकडंच सहा महिने बसून शिकलो. आताचा स्टँड असा असतो: खाली ३०० बाय ३०० ची ६ एमएम प्लेट, एकटीच सव्वाचार किलो, त्यावर ५० बाय ५० चे दोन चौकोनी पाइप, वर छोटी प्लेट. प्लेट एका बाजूनं सलग वेल्ड केली की थंड होताना तिकडं ओढली जाते, मग स्टँड डुगडुगतो. म्हणून आधी चारी बाजूंनी टाके मारायचे, मग समोरासमोर थोडं थोडं करत जायचं आणि घाई करायची नाही. तरीपण खाली एम-८ बोल्टचे फिरवून कमी-जास्त करायचे पाय देतोच, कारण आपल्याकडची शहाबादी फरशी कुठं सरळ असते.

पाइपात वाळू. रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो, भरला की नुसता ठक. वाळू चाळून, धुऊन, गच्चीवर वाळवायची, ओली राहिली तर पाइप आतनं गंजतो. आमच्या उन्हाळ्याची सगळे तक्रार करतात, आम्हाला मात्र भट्टी फुकट. एकदा एका ताईंचा फोन आला, "दादा, तुमच्या स्टँडला मुंग्या लागल्यात का ओ? रोज सकाळी खाली मातीचा ढीग." जाऊन बघितलं तर वेल्डमध्ये सुईएवढं भोक, स्पीकर वाजला की वाळू झिरपायची! त्या दिवसापासनं प्रत्येक पाइप पाणी भरून रात्रभर उभा ठेवतो, झिरपला नाही तरच वाळवून वाळू भरतो.

गणपती जवळ आले की मंडळाची पोरं येतात, "मालक, डॉल्बीची भिंत बनवून द्या की." खरं तर डॉल्बी हे कंपनीचं नाव, पण आपल्याकडं मोठ्या आवाजाच्या भिंतीलाच डॉल्बी म्हणतात, काय करणार. त्यात पैसा आहे हे मान्य. पण चार माग चालत असलेल्या घरात मी वाढलोय, परत तोच धडाका नको वाटतो, म्हणून चहा पाजून पाठवतो.

आता आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि एक पोरगा. फिनिशिंग आणि हिशेब बायकोकडं, आणि ट्विटरची वायर उलटी जोडली गेली तर गाणं लावल्या लावल्या तीच ओळखते, मला मीटर लागतो. महिन्याला चार-पाच जोड्या जातात, त्याच्यावर हात पोचत नाही. चाचांनी दुकान बंद केलं पण दुपारी येऊन बसतात, माझा वेल्ड बोटानं चाचपतात आणि काही न बोलता चहा मागतात. या आठवड्यात पुण्याच्या दोन जोड्या जायच्यात, वाळू गच्चीवर पसरलीय आणि आभाळ भरून आलंय, तेव्हा इथंच थांबतो, ताडपत्री शोधायचीय.