गाठ दुखत नाही, तरी घाई का?

मालवण तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वर्षानुवर्षे ऐकतो आहे. मानेला गाठ आलेला माणूस समोर बसलेला असतो, मी सुईची तपासणी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहणे) करून घ्या म्हणतो, आणि सोबत आलेले कोणीतरी विचारते, "डॉक्टरांनू, दुखणा नाय मां? मगे घाई कित्याक?" मला या प्रश्नाचा राग येतो. एके काळी "दुखत नाही ना? मग बघू पुढे" हे वाक्य मीच रुग्णांना धीर देण्यासाठी वापरत असे.

पायातला काटा पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मानेतही तेच घडते. डोके आणि मान मिळून साधारण ३०० लसिका ग्रंथी, म्हणजे जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठी, आहेत आणि प्रत्येक गटाला आपापला मुलूख नेमून दिलेला आहे. हनुवटीखालच्या ग्रंथींकडे खालचा ओठ आणि जिभेचे टोक, जबड्याखालच्यांकडे हिरड्या, गाल आणि जिभेची कड, जबड्याच्या कोनाशी असलेल्या ग्रंथीकडे टॉन्सिल, मानेच्या मागच्या बाजूला डोक्याची त्वचा. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ तर थेट पोटातल्या कर्करोगाची खबर देऊ शकते, कारण पोटाकडून येणारी मुख्य लसिकावाहिनी तिथेच शिरेला मिळते. म्हणून गाठ कुठे आहे यावरून मूळ कुठे शोधायचे ते ठरते.

जंतुसंसर्गाने ग्रंथी दोन-तीन दिवसांत फुगते, तिचे आवरण एकाएकी ताणले जाते आणि ती ठणकते. क्षयाची गंडमाळ किंवा कर्करोगाची गाठ सावकाश वाढते, त्यामुळे बहुधा दुखत नाही.

जुलैचा शेवट होता. मासेमारीबंदी ३१ तारखेला संपणार म्हणून सगळ्यांची धांदल चाललेली. एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आला, वय पन्नाशीच्या आत, उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. त्याच बाजूची खालची दाढ किडलेली दिसली आणि मी तिथेच थांबलो. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. गाठ थोडी उतरली, तो समाधानाने होडीवर गेला, मलाही बरे वाटले. पुन्हा कधी दाखवायला यायचे, ते मी सांगितले नाही.

तो दिवाळीनंतर आला. गाठ करवंटीसारखी कडक झाली होती आणि बोटाखाली जराही सरकत नव्हती. या वेळी मी गॉजच्या तुकड्यात त्याच्या जिभेचे टोक धरले आणि जीभ डावीकडे ओढली. उजव्या कडेला, अगदी मागे, त्या किडक्या दाढेला घासणारा व्रण होता, कडा उचललेल्या, मधे पांढुरका. पावसाळ्यापासून तिखट कालवण तिथे झोंबते, असे तो म्हणाला. मग आधी का नाही सांगितलेत, असे मी विचारले, त्यावर तो सहज म्हणाला, की तुम्ही तोंडाचे विचारलेच नाहीत.

गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जिभेचा भाग आणि मानेतल्या ग्रंथी काढल्या, किरणांचा शेक दिला. दोन वर्षांनी तो गेला.

त्या वेळचा मी आजच्या माझ्याशी अजूनही वाद घालतो: दाढ खरोखरच किडलेली होती, गोळ्यांनी फरक पडला होता, जुलैतच रोग मानेत पोचलेला होता, तीन महिन्यांनी काय बिघडले? मी त्याला सांगतो, की उतरली ती सूज, गाठ तशीच होती, आणि जीभ बाहेर ओढून बघायला अर्धा मिनिट लागला असता. त्याचे शेवटचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही, आणि मान्यही करता येत नाही.

मी सरसकट सर्वांना सुई सांगतो, असा आरोप माझ्यावर होतो, तो खोटा आहे. सर्दीनंतर मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या ग्रंथी कित्येक आठवडे राहतात, त्यांना मी घरी पाठवतो. पण चाळिशीपुढच्या माणसाची, त्यातही मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्याची, सेंटीमीटरहून मोठी कडक गाठ दोन-तीन आठवडे टिकली, तर आधी तोंड आणि घसा नीट पाहायचा आणि मग सुई. सुईने रोग पसरतो, या भीतीपायी तपासणी टाळू नये, ती सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते. मला भीती वाटते ती आधी सुई न लावता गाठ कापून काढण्याची. मानेच्या बाजूला त्वचेखाली लगेचच एक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही, आणि जाळी ओढणाऱ्याचे पोटच त्या खांद्यावर असते.

त्या तांडेलाची बायको रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी अजूनही येते. गेल्या श्रावणात तिने विचारले, जुलैतच सुई लावली असती तर? मी तिला दाढेचे सांगितले, गोळ्यांचे सांगितले, जिभेचेही सांगितले. ती ऐकत राहिली, आणि मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.