सुई 15.5 वर का अडकत होती, ते सापडलं

मंडळी, आमच्या ॲम्बीचं (ॲम्बॅसॅडर गाडीचं) कोडं सुटलं: इंजिनाच्या मॅनिफोल्डला (मिश्रण आत नेणाऱ्या नळ्यांना) लावलेल्या व्हॅक्यूम गेजची सुई कमी का दाखवते? कार्ब (कार्बुरेटर) निर्दोष, मॅनिफोल्ड गॅस्केटही (तिथल्या सांध्याचं सील) निर्दोष. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) पोटात मेकॅनिकल ॲडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की फिरत्या वजनांनी ठिणगी लवकर पाडणारा भाग, गंजून जाम झाला होता.

लक्षण असं. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) सुई 15.5 इंच पाऱ्यावर, एकदम स्थिर. हाच आकडा आंबोलीत दिसला असता तर चाललं असतं, कारण हजार फुटांमागे इंचभर व्हॅक्यूम उतरतोच. रत्नागिरीत बंदराशेजारी 17 ते 21 हवा. स्थिर पण कमी म्हणजे टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे, म्हणजे उशिरा, किंवा हवा गळती. गॅस्केटच्या कडेनं ऑइल सोडून पाहिलं, आयडल हललं नाही. टायमिंग पुढे घ्यावं तर टायमिंग लाइटखाली पुलीवरची खाच आज एका जागी, उद्या दुसऱ्या. रेस देऊन सोडली की आयडल चढलेलंच आणि सुई 19 वर. डिस्ट्रिब्युटरवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली की परत 15.5! म्हणजे वजनं बाहेर फेकली जात होती, पण आत परतत नव्हती. अशा अडकलेल्या स्थितीत टायमिंग लावलं, की मोकळं झाल्यावर ते मागे पडणारच.

कॅप काढून रोटर फिरण्याच्या दिशेनं हातानं पिळा. सोडल्यावर टचकन मागे यायला हवा. आमचा पिळला तिथेच बसून राहिला. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) प्लेट काढली तर खाली लालभडक पूड, रोटरखालचा फेल्ट (ऑइल धरणारी गादी) कोरडा खडखडीत. खारी हवा, वर पावसाळाभर गाडी उभी, दुसरं काय होणार? रात्रभर रॉकेलमध्ये बुडवलं, बारीक एमरीनं शाफ्ट पुसला, वजनांच्या पिनांना ग्रीसचा नुसता हात आणि फेल्टवर इंजिन ऑइलचे दोन थेंब. जास्त नको, उडालेलं ऑइल पॉइंटवर बसतं.

इथे एक सूचना. दोन स्प्रिंगांपैकी एक घट्ट, दुसरी ढिली आणि लांब वेटोळ्याची असते. ती तशीच असायला हवी. आमच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कुणीतरी ढिली स्प्रिंग पक्कडीनं दाबून 'दुरुस्त' केली होती.

पॉइंट गॅप 0.38 मिमी ठेवला. गॅप आधी, टायमिंग नंतर. ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) एक अंश बदलला की टायमिंगही क्रँकवर एक अंश सरकतं. बाजारातल्या स्वस्त पॉइंटची कॅमवर घासणारी टाच आठवड्यात झिजते आणि टायमिंग मागे जातं. दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, पण टाच कडक असलेलाच घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तोंड बंद केलं आणि लाइट लावला. गेज मात्र मॅनिफोल्डवर हवं. कार्बच्या ॲडव्हान्स नळीवर लावलं तर आयडलला सुई शून्याजवळच राहते, आणि माणूस उगाच इंजिन उघडायला बसतो.

डिस्ट्रिब्युटरची बॉडी हळूहळू फिरवत सर्वात जास्त व्हॅक्यूम शोधला: 19.5. तिथून इंचभर मागे, 18.5. सुई ढिम्म! पण परशुराम घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबला आणि टकटक ऐकू आली, म्हणजे ठिणगी अजून फार लवकर. गेजला घाट कळत नाही. आणखी दोन अंश मागे घेतल्यावर आवाज गेला, सुई 17.5 वर आली. पिकअप पूर्वीपेक्षा कितीतरी बरा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायचा बेत होता. पण वजनं तशीच जाम राहिली असती तर ती किटही इथेच अडकली असती, त्यामुळे सध्या पैसे वाचले.

आता नवी खाज. आयडलला सुई नियमित ठेक्यात अर्धा इंच खाली टिचकते. इग्निशनचा कंडेन्सर बदलणार होतो, पण ठेका नियमित आहे म्हणजे एकाच सिलिंडरचा दोष असावा, म्हटल्यावर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) 0.015 इंचावर तपासणार. मग एकेक प्लगची वायर काढून, जी काढल्यावर आयडल फारसं पडत नाही तो सिलिंडर धरायचा.