ग्राहक आमचा, दलालीचा दावा एजंटचा: फ्लॅट विकतानाचा माझा अनुभव

डोंबिवली पूर्वेतील एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत आईच्या नावावर असलेला फ्लॅट आम्ही विकला, तेव्हा खरेदीदाराशी आमचा कसलाही वाद झाला नाही. वाद झाला तो इस्टेट एजंटशी, आणि तोही ज्या ग्राहकाला त्यांनी आमच्या दारात कधी आणलेच नव्हते, त्याच्या व्यवहारावरील दलालीवरून. अशी मागणी आली की एकटी राहणारी वयस्कर माणसे घाबरून पैसे देऊन मोकळी होतात, हे मी आमच्याच नात्यात पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एजंटच्या लेटरहेडवर दोन पानांचा करार होता. दलाली विक्री किमतीच्या 2 टक्के, सहा महिने ते एकमेव एजंट आणि मुदत संपल्यानंतरही पुढील सहा महिन्यांत ‘आमच्यामार्फत माहिती मिळालेल्या ग्राहकाशी’ व्यवहार झाल्यास पूर्ण दलाली देय, अशा त्यातील मुख्य अटी होत्या. शेवटची अट मुळात अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. एजंटने ग्राहक आणावा आणि मालकाने मुदत संपेपर्यंत थांबून त्याच ग्राहकाला परस्पर घर विकावे, असे प्रकार होतात आणि त्यात एजंटची मेहनत बुडते. पण ‘माहिती मिळालेला’ म्हणजे नेमका कोण, ती माहिती कधी आणि कशी दिली याची नोंद कोणी ठेवायची, याबद्दल करारात एक ओळही नव्हती.

मुदतीत त्यांनी काही कुटुंबांना घर दाखवले. एकाने टोकनही दिले, परंतु बँकेने कर्ज नाकारल्याने ते परत करावे लागले. मुदत संपल्यावर आईने सोसायटीच्या सूचना फलकावर स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद लावला. शेजारच्या विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका गृहस्थांनी तो वाचला, घर पाहिले आणि 62 लाखांना सौदा ठरला. विसार पावती झाली. खरेदीदाराच्या वकिलांनी रीतीप्रमाणे हरकती मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली, आणि त्या नोटिशीला एजंटची लेखी हरकत आली. 2 टक्क्यांप्रमाणे 1,24,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 22,320 रुपये, असे एकूण 1,46,320 रुपये मिळेपर्यंत व्यवहार पूर्ण करू नये, असे त्यात म्हटले होते. बँकेने खरेदीदाराचे कर्ज वितरण थांबवले. भरीस भर म्हणजे आधीच्या ग्राहकाच्या कर्जासाठी बँकेत दाखवायला म्हणून नेलेले मूळ भाग प्रमाणपत्र (सोसायटीतील आईच्या शेअर्सचा दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट) आणि फ्लॅटची एक किल्ली अजून एजंटकडेच होती.

फोनवर त्यांनी आईला सांगितले, “काकू, त्या लोकांनी आमची जाहिरात पोर्टलवर पाहिली असणार, म्हणजे ग्राहक आमचाच झाला.” त्या दिवसापासून आईने फोनवर बोलणे बंद केले आणि सर्व काही लेखी सुरू झाले. या एका गोष्टीने आईच्या मनावरचा ताण निम्मा झाला.

आमच्या वकीलबाईंनी प्रथम 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 219 दाखवले. वेगळा करार नसेल, तर ठरलेले काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. आमच्याकडे वेगळा करार होता. त्यामुळे सगळा प्रश्न त्या एका अटीवर येऊन थांबत होता. मूळ कागद अडवून ठेवण्याला कलम 221 चा आधार एजंट घेऊ शकतो, पण तो हक्क कामाच्या देय रकमेसाठी असतो. रक्कमच देय नसेल तर कागद धरून ठेवण्याला आधार उरत नाही. शिवाय दलालीची मागणी ही विक्रेत्याविरुद्धची पैशांची मागणी आहे, तिच्यामुळे फ्लॅटवर एजंटचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे त्यांनी खरेदीदाराच्या वकिलांनाही लेखी कळवले. जीएसटीची मागणी तर तिथेच संपली, कारण लेटरहेडवर नोंदणी क्रमांक नव्हता आणि विचारल्यावरही तो देता आला नाही. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर आकारताच येत नाही.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे जावे का, हाही प्रश्न आम्ही विचारला होता. एजंटची नोंदणी तिथे होती, परंतु आमची इमारत महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातील नसल्याने तो मार्ग वकीलबाईंना भक्कम वाटला नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला होता, कारण घर विकून देण्यासाठी एजंटची सेवा घेणारा मालक हाही ग्राहक असतो. तक्रारीचा मसुदा तयार ठेवूनच आम्ही चर्चेला गेलो.

त्या बैठकीत आम्ही एकच मागणी केली: या गृहस्थांना आपण माहिती दिल्याचा पुरावा दाखवा. घर दाखवताना ग्राहकाची सही घेतलेले फॉर्म त्यांच्याकडे होते, पण त्यात हे नाव नव्हते. सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत त्यांच्यासोबत आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्यांच्या कार्यालयाचे नाव लिहिलेले होते. तिथेही हे नाव नव्हते. मग त्यांनी लॅपटॉपवर पोर्टलचे पान उघडले आणि जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांची यादी स्वतःच वरपासून खालपर्यंत तपासली. खरेदीदाराचा मोबाइल क्रमांक त्या यादीत कुठेच नव्हता. आईच्या कागदाची प्रत आम्ही पुढे ठेवली. फलकावर काही लावण्यापूर्वी आमचे सेक्रेटरी त्यावर सही-शिक्का मारून तारीख घालतात, आणि ती तारीख कराराची मुदत संपल्यानंतरची होती. घराची माहिती याच कागदावरून मिळाली, असे खरेदीदारांनी सही करून दिलेले पत्रही सोबत होते.

एजंट बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी छायाचित्रे आणि पोर्टलवरील जाहिरातीचा खर्च तरी द्यावा, असे म्हटले. करारात खर्चाचा उल्लेख नव्हता, वकीलबाईंचा आग्रहही नव्हता. पण त्या माणसाने उन्हातान्हात लोकांना घर दाखवले आहे, त्याचा पदरचा खर्च मी बुडवणार नाही, असे आईने ठामपणे सांगितले. मला तिचे म्हणणे पटले. बिले पाहून 9,000 रुपये बँकेमार्फत दिले.

पैसे देण्यापूर्वी मात्र समझोत्याचा कागद तयार करून घेतला. या फ्लॅटच्या विक्रीसंबंधी आता किंवा पुढे कोणतीही मागणी उरलेली नाही, जाहीर नोटिशीवरील हरकत बिनशर्त मागे घेतली आहे, आणि भाग प्रमाणपत्र व किल्ली परत दिली आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले. भाग प्रमाणपत्राचा क्रमांकही नोंदवला. हरकत मागे घेतल्याचे स्वतंत्र पत्र एजंटनी खरेदीदाराच्या वकिलांना दिले आणि ते बँकेत पोहोचल्यावर थांबलेले कर्ज मोकळे झाले. पुढे दस्त नोंदवला गेला, आणि सोसायटीच्या समितीने त्याच मूळ भाग प्रमाणपत्राच्या मागील बाजूस नव्या मालकांच्या नावे हस्तांतराची नोंद केली.