निबंध स्वीकारला गेला, त्याच दिवशी

शोधनिबंधाचे शीर्षक शोधयंत्रात सापडते, सारांशही वाचायला मिळतो, आणि पुढच्याच टिचकीला प्रकाशकाची शुल्काची पाटी आडवी येते. ज्यांच्या विद्यापीठाने त्या नियतकालिकाची वर्गणी भरलेली नाही, त्यांचे वाचन तिथेच खुंटते. ही अडचण कायद्यामुळे आली आहे असे बहुतेकांना वाटते; मला ते पटत नाही. अनेक मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःचा स्वीकृत मसुदा संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे निबंध जतन करून वाचकांना खुले करणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात, कोणी लगेच, कोणी ठरावीक काळ उलटल्यावर. तरीही तो तिथे पोहोचत नाही, कारण योग्य क्षणी तो कोणी जमाच केलेला नसतो.

सहकाऱ्यांचे निबंध रिपॉझिटरीत चढवण्यास मदत करताना एकच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो. प्राध्यापक मोठ्या आपुलकीने पीडीएफ पाठवतात, आणि ती नेमकी प्रकाशकाने मांडणी करून छापलेली अंतिम प्रत असते, जी खुली करण्याचा हक्क सहसा त्यांच्याकडे उरलेला नसतो. समीक्षेपूर्वीचा प्रीप्रिंट सापडतो, छापील प्रत सापडते. पण समीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेला आणि संपादकांनी मान्य केलेला मधला मसुदा जुन्या संगणकावर, एखाद्या सहलेखकाच्या ई-मेलमध्ये किंवा पदवी घेऊन निघून गेलेल्या विद्यार्थ्याकडे राहिलेला असतो. वस्तुतः निबंधातले सारे विचारधन त्या मसुद्यात असते. छापील प्रतीत त्यावर भाषेची किरकोळ सफाई, पृष्ठक्रमांक आणि नियतकालिकाची मांडणी यांपलीकडे सहसा फार काही चढत नाही.

भौतिकशास्त्रज्ञांना हा प्रश्न फारसा भेडसावला नाही. छापून येण्यापूर्वीच निबंधाच्या प्रती एकमेकांना टपालाने पाठवण्याची रीत त्यांच्यात आधीपासून होती, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या, पुढे आर्काइव्ह या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेने ती रीत संगणकावर आणली. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वाँकारे अनुमान या गणितातल्या जुन्या, अनुत्तरित प्रश्नाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये तिथेच ठेवली. ती त्यांनी कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही, आणि तरीही जगभरच्या गणितज्ञांनी ती बारकाईने तपासून मान्य केली. ज्या शाखांत अशी रीत नव्हती, तिथे मात्र केवळ सोय उपलब्ध होऊन काही घडले नाही. रिपॉझिटरी उभारण्यासाठीची साउदम्प्टन विद्यापीठाची ईप्रिंट्स ही संगणकप्रणाली २००० पासून आणि एमआयटीने ह्यूलेट-पॅकार्डसह घडवलेली डीस्पेस २००२ पासून कोणालाही विनामूल्य वापरता येते, त्याच वर्षी संशोधन सर्वांना खुले करण्याविषयीच्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने लेखकांनी निबंध स्वतः जमा करण्याचा मार्ग स्पष्ट शब्दांत मांडला, आणि तरीही अनेक रिपॉझिटरी वर्षानुवर्षे अर्ध्या रिकाम्या राहिल्या.

नुसत्या विनंतीने त्या भरत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००५ मध्ये आपल्या अनुदानातून झालेले निबंध पबमेड सेंट्रल या वैद्यकीय निबंधांच्या खुल्या संग्रहात ठेवण्याचे ऐच्छिक आवाहन केले, त्याला अगदी तुटपुंजा प्रतिसाद मिळाला, आणि २००८ मध्ये तेच बंधनकारक करावे लागले. मला याहून अधिक शहाणपणाचा वाटतो तो बेल्जियममधील लिएज विद्यापीठाचा मार्ग. तिथले तत्कालीन कुलगुरू बर्नार रांतिए यांनी ऑर्बी ही रिपॉझिटरी उभी केली आणि नियम केला की बढतीच्या वेळी ऑर्बीत जमा असलेलेच निबंध विचारात घेतले जातील. यात शिक्षा कसलीच नव्हती. प्राध्यापकांना जी यादी एरवीही द्यावीच लागते, ती आता रिपॉझिटरीतून येऊ लागली.

वैयक्तिक संकेतस्थळावर पीडीएफ ठेवली की काम झाले, असे काही जण म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे, पण माणूस संस्था बदलतो आणि त्याचे पान नाहीसे होते. रिपॉझिटरी कायमचा दुवा देते, आणि निबंधाची माहिती अशा ठरलेल्या साच्यात ठेवते की इतर शोधसेवांना ती आपोआप गोळा करता येते. संशोधकांच्या व्यापारी समाजमाध्यमांवर यांपैकी कशाचीही हमी नसते.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की स्वीकृतीचे पत्र आले त्याच दिवशी, मुद्रिते येण्याची वाट न पाहता, तो मसुदा जमा करावा. प्रकाशकाने निर्बंधाचा काळ घातला असेल तर फाइल तोवर बंद ठेवता येते. शीर्षक, लेखक आणि सारांश मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसतात. ईप्रिंट्स आणि डीस्पेस या दोन्ही प्रणालींत अशा बंद निबंधापाशी प्रत मागण्याची सोय असते. वाचक तिथून विनंती करतो, ती थेट लेखकाला पोहोचते, आणि लेखकाने होकार दिला की मसुदा त्या वाचकाच्या ई-मेलवर जातो. निर्बंधाची मुदत संपली की तीच फाइल, कोणी पुन्हा शोधाशोध न करता, सर्वांसाठी आपोआप खुली होते.