गल्लीचं नाव

दरवर्षी दिवाळीला प्रभागात पत्रक वाटायची आमची पद्धत, म्हणजे उटण्याची पुडी, दोन पणत्या आणि एक रंगीत कागद, त्यावर माझा फोटो आणि वर्षभरात कुठला रस्ता झाला, कुठली गटार झाली, कुठल्या चौकात दिवे लागले त्याची यादी. २०१८ ला सांगलीत नगरसेविका म्हणून निवडून आले तेव्हापासूनचं हे. २०२० ला कोरोनामुळं दारोदार जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून म्हणलं व्हॉट्सॲपवरच लिहूया. प्रभागाचे बरेच ग्रुप होते आमचे, त्यातले निम्मे तर २०१९ च्या पुरातच तयार झालेले.

१२ नोव्हेंबर, गुरुवार, वसुबारस. दुपारचं जेवण आवरून मोबाईल घेऊन बसले. लिहायला भरपूर होतं. सरकारचं आवाहन आलेलं की दिवाळी साधी करा, दिवाळी पहाटचे कार्यक्रम गर्दी जमवून घेऊ नका, फटाके टाळा, कारण कोरोनातून उठलेल्या माणसाच्या फुफ्फुसाला धूर सोसत नाही. सॅनिटायझर लावलेल्या हातानं पणती लावू नका हे मी सगळ्यात वर लिहिलं, कारण त्या वर्षी घराघरात बाटली दाराशी आणि पणत्या पण दाराशीच, त्यात अल्कोहोल असतं ते भपकन पेट घेतं आणि त्याची ज्योत नीट दिसत पण नाही, तेव्हा आधी साबणानं हात धुवा आणि मग काडी ओढा असं लिहिलं. मग दर. कोरोनाच्या स्वॅब तपासणीचा दर ऑक्टोबरमध्ये कमी होऊन ९८० वर आलेला, घरी येऊन घेतला तर १८००. खासगी दवाखान्यात सरकारनं ठरवून दिलेल्या बेडला साध्या वॉर्डचे दिवसाला ४०००, आयसीयूचे ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००, याच्या वर कुणी लावलं तर बिल घेऊन माझ्याकडं या. रेशनचं मोफत धान्य माणशी ५ किलो, त्याचा नोव्हेंबर शेवटचा महिना, ज्यांनी उचललं नाही त्यांनी उचला.

सप्टेंबरमध्ये जे बघितलं होतं त्यानंतर हे दर लिहिणं मला शुभेच्छांपेक्षा महत्त्वाचं वाटत होतं. रात्री दोन-अडीचला फोन यायचे, ताई बेड, ताई ऑक्सिजन, आणि मी मिरजेच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करून एकेकाला फोन लावत बसायची, कधी मिळायचा, कधी मिळायचा नाही. ज्यांना मिळाला नाही त्यातल्या काही घरांची दिवाळीच नव्हती त्या वर्षी.

तर मेसेज होत आलेला तेवढ्यात आमच्या भागातल्या आशाताई आल्या. "माझं कुटुंब, माझी जबाबदारी"चा घरोघरचा सर्व्हे त्यांनीच केलेला आमच्याकडं, हातात ऑक्सिमीटर आणि ताप बघायची ती बंदूक घेऊन सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उन्हातान्हात फिरलेल्या, कुठल्या घरात कुणाला शुगर, कुणाला बीपी सगळं तोंडपाठ. म्हणलं ऐका, काय राहिलं असेल तर सांगा, आणि सगळा मेसेज वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणल्या, "लई चांगलं हाय ताई. ह्ये त्या फराळवाल्या काकी पण वाचणार न्हवं?"

मी गप्पच झाले.

हे सांगायचं तर आधी पुराचं सांगायला लागेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला आलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या लहान पोराला पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात मी झोपलेच नाही म्हणा, नुसती लिहीत होते ग्रुपवर, अमुक गल्लीत कमरेएवढं पाणी, अमुक बोळात म्हातारं जोडपं, मारुती मंदिरासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर पाच माणसं आणि एक तान्हं बाळ. घराची खूण जेवढी नेमकी तेवढी बोट लवकर पोचायची. रंग कुठला, दारात कुठलं झाड, सगळं लिहायचं. लोकांनी पण त्या मेसेजवर विश्वास ठेवला, पुढं वर्षभर कुठंही काही झालं की म्हणायचे ताईंचा मेसेज आला का बघ.

मग मार्च २०२० आला. इस्लामपुरात सौदीहून आलेल्या कुटुंबाला कोरोना झाल्याचं कळलं आणि जिल्हाच हादरला. आमच्या प्रभागात जुलैमध्ये पेशंट सापडायला लागले आणि मी पुरातल्यासारखंच लिहायला लागले. गल्लीचं नाव, घराची खूण. अमुक गल्लीत मारुती मंदिरासमोरच्या घरात एक महिला पॉझिटिव्ह, सगळ्यांनी काळजी घ्यावी. मनात एवढंच की लोकांना लवकर कळावं, ज्यांचा संपर्क आला त्यांनी तपासून घ्यावं. खरंच दुसरं काही नव्हतं मनात. पण मंदिरासमोर फराळाची ऑर्डर घेणारं घर एकच, सगळ्या गावाला माहीत. तासाभरात तो मेसेज कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला, कुणीतरी घराचा फोटो जोडला, कुणीतरी खाली लिहिलं "यांच्याकडचं काही खाल्लं असेल तर टेस्ट करा". काकी ॲम्ब्युलन्समध्ये बसत होत्या तेव्हा गल्लीतले लोक गच्चीवरनं मोबाईलमध्ये शूटिंग करत होते. दहा दिवसांनी बऱ्या होऊन आल्या, गल्ली बंद करायला लावलेले बांबू निघाले, पत्रे निघाले, पण दूधवाला कितीतरी दिवस त्यांचं दूध कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर ठेवून जायचा.

हे मला तुकड्यातुकड्यात माहीत होतं. पण नोव्हेंबर उजाडला तरी त्यांच्याकडं चकलीचा सोऱ्या निघालेलाच नाही हे मला आशाताईंनी सांगितल्यावर कळलं. एरवी दसरा झाला की त्यांच्याकडं चार बाया कामाला, भाजणीचीच तीस-चाळीस किलो दळून आणायची, दारात डब्यांची रांग. त्या वर्षी एक ऑर्डर पुण्याच्या भाचीची आणि बाकी काही नाही.

मेसेज तसाच ठेवला आणि संध्याकाळी गेले. रस्त्यात पोरं किल्ला करत होती, चिखलात कोपरापर्यंत हात, एकानं मावळ्यांना पण कागदाचे मास्क लावलेले. काकींनी मला बघून खुर्ची बाहेर अंगणात ठेवली आणि स्वतः लांब उंबऱ्यावर बसल्या. मी म्हणलं काकी आत बसूया की, तर म्हणल्या, "नको, सवय झाली आता. लोकं लांबच बसत्यात." चहा सून घेऊन आली. मी मास्क खाली करून चहा प्यायले, त्या माझ्या कपाकडं बघत होत्या एवढं आठवतंय.

मी काय काय ठरवून गेलेले, की ऑर्डर देऊ, पन्नास-शंभर पाकिटं घंटागाडीवाल्यांना आणि आशाताईंना वाटू, त्यांचं पण काम होईल. ते बोलून दाखवलं तर काकी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणल्या, "ताई, पुरात तुमी लिवलंसा, मारुतीसमोरचं घर, वर पाच माणसं. बोट आली. नातवाला पहिलं घेतलं बोटीत. त्यो तुमचा मेसेज आमच्या ह्यानं अजून ठेवलाय फोनात." मग सुनेकडं बघत, "आणि जुलैत बी तुमीच लिवलंसा. तेच मारुतीसमोरचं घर."

मला तेव्हा कळलं, की ज्या घरात बोट आली ते घर हेच. त्या आठवड्यात एवढी घरं लिहिली होती की कुठल्या घरात कोण हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मी म्हणलं काकी चुकलं माझं. त्या म्हणल्या, "तुमी वाईट मनानं न्हाई लिवलं, म्हाईत हाय मला. पण मला ऑर्डर नको. तुमच्याकडनं घिऊन वाटली तर लोकं म्हणतील ताईनं दया केली. ज्या ग्रुपवर लिवलंसा त्याच ग्रुपवर लिवा की चुकलं म्हणून. बास."

घरी येताना पाय जड झालेले. रात्री ऑफिसात कार्यकर्ते बसलेले त्यांना सांगितलं तर सगळे एकदम नको म्हणले. वैनी दिवाळीच्या मेसेजमध्ये माफी कुठं असती का, समोरचे स्क्रीनशॉट काढून निवडणुकीत फिरवतील, त्यापेक्षा फोनवर सॉरी म्हणा आणि शुभेच्छा टाका. त्यांची काळजी खोटी नव्हती, माझ्यासाठी रात्रंदिवस राबलेली पोरं ती, पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उतरलेली. पण चूक ग्रुपवर केली आणि माफी फोनवर, हे मला पटेना. रात्री दीड वाजेपर्यंत लिहीत होते, खोडत होते. शुक्रवारी धनत्रयोदशीला सकाळी टाकला. वरचं सगळं तेच, पणत्या, दर, रेशन, पण त्याच्याही वर हे:

"जुलै महिन्यात मी याच ग्रुपवर पेशंटच्या गल्लीचं नाव आणि घराची खूण लिहिली. ते माझं चुकलं. त्या घराला त्यामुळं जो त्रास झाला त्याला मी जबाबदार आहे, मी त्या घराची आणि ज्यांच्या ज्यांच्याबद्दल असं लिहिलं त्या सगळ्यांची माफी मागते. इथून पुढं माझ्याकडून कुठल्याही पेशंटचं नाव, गल्ली, घर लिहिलं जाणार नाही. बरं झालेलं माणूस दवाखान्यातनं घरी आलं की त्याच्यापासून लागण होत नाही. हा आजार श्वासातनं, शिंकण्या-खोकण्यातनं पसरतो, कढईतनं तळून निघालेल्या चकलीतनं नाही. ताप आला तर लपवू नका, मला किंवा आशाताईंना फोन करा, ते आपल्यातच राहील."

तासभर कुणी काहीच लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, "ताई, मग शेजारी कोरोना आहे हे आम्हाला कळणार कसं? आमच्या घरात लहान मुलं आहेत." प्रश्न बरोबर होता आणि भीतीतनं आलेला होता, त्यामुळं त्याच्यावर मी दुपारभर लिहीत बसले. की पेशंट सापडला की आरोग्याची माणसं त्यालाच विचारतात कुणाकुणाला भेटलात, किती वेळ, आणि त्या माणसांकडं थेट जातात, तुमचा संबंध आला असेल तर तुम्हाला फोन येणारच. आणि संबंध आला नसेल तर नाव कळून तुम्ही करणार काय? मास्क तर रोजच लावायचाय, हात रोजच धुवायचेत. उलट नाव फुटायच्या भीतीनं चार जण ताप लपवून घरात बसले तर तुमच्या मुलांना धोका जास्त. त्या गृहस्थांना सगळं पटलं असं नाही, पण त्यांनी पुढं वाद घातला नाही. दोन जणांनी ग्रुप सोडला. स्क्रीनशॉट फिरला, पोरं म्हणाली होती तसाच.

काकींना त्या दिवशी तीन फोन आले असं त्यांच्या सुनेनं सांगितलं, त्यातला एक नुसता बोलायला. शनिवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, त्यात त्यांनी सहा किलोची भाजणी मळली. सहा किलो म्हणजे त्यांच्या धंद्यात काहीच नाही. एका मेसेजनं जे मोडलं ते एका मेसेजनं जुळत नाही, नंतरची संक्रांत पण त्यांची तशीच गेली. माझ्या वाटणीची चकली मात्र मी पैसे देऊन आणली आणि त्यांनी पैसे मोजून घेतले.

रविवारी, १५ तारखेला रात्री साडेदहाला एका पोराचा फोन. आवाज एकदम दबका. "ताई, पप्पांना तीन दिवस ताप हाय. वास पण येत न्हाई. दिवाळी हाय म्हणून कुणाला बोललो न्हाई, गल्ली बंद हुईल, लोकं नावं ठेवतील म्हणून पप्पाच म्हणले गप बस." मग थांबून, "तुमी लिवलंय ते खरं हाय का? गल्ली टाकणार न्हाईसा न्हवं?" मी म्हणलं बाळा, नाही टाकणार, आधी पत्ता सांग. आशाताई मास्क, फेसशील्ड घालून पाच मिनिटांत पोचल्या, ऑक्सिमीटरवर ९१ आला. ९५ च्या खाली आलं की आम्ही थांबायचोच नाही. १०८ ला फोन केला आणि ड्रायव्हरदादांना हात जोडून सांगितलं गल्लीत सायरन नको, गाडी कोपऱ्यावर थांबवा. ते पण समजूतदार, दिवे बंद करून उभे राहिले. पोरगा आणि वडील चालत आले कोपऱ्यापर्यंत, वडलांच्या डोक्यावर शाल ओढलेली, दारादारात पणत्या विझत आलेल्या. एक बाई दार उघडून म्हणल्या, "कोण वो?" मी म्हणलं मी आहे, काही नाही, झोपा तुम्ही.

सोमवारी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी होती आणि मार्चपासून बंद असलेली मंदिरं त्याच दिवशी उघडली. सकाळी ग्रुपवर लिहिलं, मंदिरं आजपासून उघडलीत, मास्क लावा, रांगेत अंतर ठेवा, साठ वर्षांच्या पुढच्यांनी घाई करू नका. शेवटी एक ओळ लिहिली, की काल रात्री प्रभागातला एक पेशंट वेळेत दवाखान्यात पोचलाय, ऑक्सिजन लावलाय, तब्येत स्थिर आहे. बाकी काही नाही.

दहाच मिनिटांत काकींचा आवाजाचा मेसेज आला, मागं तेलाचा आवाज येत होता. "ताई, त्या घरात सैपाकाचं कोण बघायलंय का? कोण हाय ते मला सांगू नका. डबा कुठं ठिवायचा तेवढं सांगा."

मी सांगितलं मारुतीच्या कट्ट्यावर ठेवा. बाराला गेले तर पितळी डबा होता, भाजी-भाकरी, आमटी, आणि वर कागदात बांधलेल्या चार चकल्या. तिथनं पुढं आशाताई नेऊन देत होत्या. ते गृहस्थ अकराव्या दिवशी घरी आले तोवर डबा रोज त्याच कट्ट्यावर यायचा.