नायलॉनच्या बॅगेवर पॅच शिवताना

पाठीवरच्या बॅगेला भरतकामाचा पॅच लावायचा होता. पॅचच्या मागे इस्त्रीने चिकटणारा थर होता, पण तो वितळायला जितकी उष्णता लागते तितकी नायलॉनला सोसत नाही. कापड आक्रसतं, कधी वितळतंही. मशीनखाली कप्पा सपाट बसेना. राहिली हातशिलाई, आणि अशा कामाला तीच योग्य, असं माझं आता ठाम मत आहे.

जागा ठरवण्याआधी बॅग नेहमीच्या सामानाने भरली. रिकाम्या बॅगेवर जे मधोमध वाटतं, ते कप्पा फुगल्यावर भलतीकडेच दिसतं. टाचण्या मुद्दाम लावल्या नाहीत, कारण आतून पाणी अडवणारा थर दिलेल्या नायलॉनला पडलेलं भोक बुजत नाही. त्याऐवजी गोंदाची कांडी फिरवली, तीही पॅचच्या मध्यभागीच.

दोरा घेतला पॉलिएस्टरचा, काठाच्या रंगाचा. उन्हापावसात तो सुतीपेक्षा जास्त टिकतो. एका वेळी हातभरच ओवला, लांब दोरा गुंततो. पहिली गाठ पॅच आणि बॅगेच्या मधे दडवली.

टाका कुठे घालायचा, यावर सगळं रूप अवलंबून असतं. पॅचचा जाड गुंडाळलेला काठ जिथे आतल्या कापडाला भेटतो, तिथे बारीक खाच असते. त्या खाचेत उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला थोडं मागे येत, घालत गेलं की दोरा बुडून जातो, दिसतच नाही. काठावरून वेढे घेतले तर ते दिसतात आणि घासून आधी तुटतात. टाके साधारण ३ मिलिमीटरचे ठेवले, वळणावर त्याहून लहान.

डावा हात सतत कप्प्याच्या आत होता, नाहीतर अस्तर टाक्यात सापडून कप्पाच शिवला जातो. चेनजवळच्या कोपऱ्यात हात पोचेना, तिथे अर्धगोल सुई कामी आली. चिकट थरामुळे सुई अडते, म्हणून बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई ढकलायची टोपी, हवाच. काही ठिकाणी तर सुई पकडीने ओढून काढावी लागली.

शेवटी आतल्या बाजूने टाक्यांवर भोकं बुजवणारं सीलर लावलं, कारण प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी झिरपू शकतं. बॅगेचा थर पॉलियुरेथेनचा आहे की सिलिकॉनचा, हे आधी बघून घ्या. सिलिकॉनच्या थरावर सिलिकॉनचंच सीलर धरतं.