आमची वाटचाल : मागाच्या गिअरपासून बिडाच्या तव्यापर्यंत

सोलापुरात यंत्रमाग होते म्हणून आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, होती. वडिलांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा चादरी-टॉवेलचे कारखाने जोरात होते. मागाच्या बाजूच्या फ्रेमा, चाकं, गिअर यांना मागणी कायम असायची आणि हा सगळा माल बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पुढे साध्या मागांच्या जागी धोट्याशिवाय चालणारे रेपिअर माग आले, बरेच कारखाने बंद पडले आणि सुट्या भागांच्या ऑर्डरी वर्षागणिक कमी होत गेल्या. आमच्याकडे भट्टी होती, वाळू होती आणि या कामात मुरलेले मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, होते. त्यांना घरी बसवायचं नाही, एवढं वडिलांनी पक्कं ठरवलं होतं. स्वयंपाकाची भांडी ओतायची ही कल्पना माझ्या बायकोची. तिच्या माहेरी बिडाच्या तव्यावर डोसे व्हायचे आणि तसा तवा तिला बाजारात मिळत नव्हता.

मागाचा गिअर आणि तवा, दोन्ही बिडाचेच, पण ओतकाम अगदी वेगळं. गिअर जाड असतो, त्यामुळे तो सावकाश थंड होतो. तव्याची जाडी साडेचार मिलिमीटर. एवढा पातळ थर वाळूच्या साच्यात झटक्यात गोठतो आणि मग कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशीच जोडला जातो आणि कडा पांढऱ्या पडतात. असा तवा फोडून पाहिला तर काप राखाडी नाही, पांढरा चकचकीत दिसतो. ग्राइंडरचा दगड त्यावर नुसता घसरतो आणि हातातून पडला तर तवा फुटलाच म्हणून समजा. सिलिकॉनमुळे कार्बनचं ग्राफाइट व्हायला मदत होते, म्हणून उपाय म्हणजे त्याचं प्रमाण नीट सांभाळायचं आणि ओतण्याच्या अगदी आधी लाडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉनची (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूची) चूर टाकायची. तिचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. म्हणून लाडल भरला की आमच्या शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात जाईपर्यंत सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं. रस चौदाशे अंशांच्या आसपास लागतो. त्याहून थंड असला तर साचा भरण्याआधीच गोठतो आणि तव्यावर रेघ राहते. अशा रेघेचा माल आम्ही दुय्यम म्हणूनही विकत नाही, सरळ परत भट्टीत टाकतो.

इंग्लंडच्या अब्राहम डार्बीनं १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. तिनशे वर्षं उलटली तरी आमचे मोल्डर पॅटर्नभोवती, म्हणजे भांड्याच्या नमुन्याभोवती, वाळू ठोकतात ती मुळात त्याच तत्त्वानं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओतून झालं की शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्यानं सफाई, मग आतल्या बाजूचं ग्राइंडिंग आणि शेवटी तेलाचा हात. हे शेवटचं खातं पूर्णपणे बायकोकडे आहे. बाजारात काही बिडाची भांडी काळा रंग मारून विकली जातात. स्वयंपाकाच्या भांड्याला रंग लावणं आम्हाला मान्य नाही. आमच्याकडे धुऊन, तापवून कोरड्या केलेल्या भांड्याला तेलाचा अगदी पातळ हात देतात, तो पुन्हा फडक्यानं पुसून घेतात आणि भांडं तासभर सव्वादोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये जातं. असे थरावर थर चढतात. तेल तापून घट्ट होतं आणि लोखंडाला धरून बसतं, त्यालाच सीझनिंग म्हणतात. आम्ही करडईचं तेल वापरतो. करडई हे आपल्या सोलापूरच्या रब्बीचं जुनं पीक आणि हे तेल हवेनं, उष्णतेनं छान सुकून थर धरतं. जवसाच्या तेलाचा थर त्याहून कडक होतो, पण पुढे त्याच्या खपल्या निघतात. तेलाचा हात जाड बसला तर भांडं चिकट होतं, म्हणून लावण्यापेक्षा पुसण्यातच जास्त कष्ट आहेत.

पहिला मोठा खप झाला तो सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत. तिथे एका मावशींनी तवा उचलला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाल्या, “काय ओ भाऊ, लई जड हाय की.” जड आहेच. दहा इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो. बायकोनं तिथल्या तिथे शेगडी पेटवून त्यांना धपाटं लावून दिलं. त्यांनी ते खाल्लं, तवा पुन्हा उचलून पाहिला आणि घेऊन गेल्या. तेव्हापासून स्टॉलवर आमची शेगडी पेटलेली असतेच. बिडाचं भांडं नुसतं मांडून विकलं जात नाही, त्यावर काहीतरी करून दाखवावं लागतं.

गिऱ्हाइकांना आम्ही पहिली गोष्ट सांगतो ती आचेची. बीड ॲल्युमिनियमपेक्षा खूपच हळू तापतं, त्यामुळे मोठ्या आचेवर ठेवलं तर मधोमध जळतं आणि कडा गारच राहतात. पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवा, मग पहिली भाकरी टाका. एकदा तापलं की ते उष्णता धरून ठेवतं आणि थंड पीठ पडलं तरी तवा गार पडत नाही. डोशाला, धपाट्याला, आप्प्यांना हाच गुण कामाला येतो.

शेंगाचटणीचे दाणे भाजायला तर मी बिडाच्या कढईशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. मंद आचेवर सतत हलवत राहायचं. सालं तडतडून सुटायला लागली आणि दाण्यावर एखादा तांबूस ठिपका दिसला की गॅस बंद करायचा आणि दाणे लगेच ताटात काढायचे. कढईतच राहू दिले तर गॅस बंद असूनही ते भाजत राहतात आणि चटणी कडू होते. नीट भाजलेल्या दाण्याला उखळात तेल सुटतं, तीच खरी सोलापुरी चटणी.

चिंच घातलेली आमटी, टोमॅटोचा रस्सा बिडात शिजवून तसाच ठेवू नका. आंबटानं थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. शिजवायचंच असेल तर झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा. लोखंडाचा थोडा अंश अन्नात उतरतो, बऱ्याच घरांना तो हवाच असतो. पण ज्यांना डॉक्टरांनी लोह टाळायला सांगितलं आहे त्यांना आम्ही भांडं विकण्याआधी हे स्पष्ट सांगतो.

बाहेरच्या स्वयंपाकाकडे आम्ही वळलो ते हुरड्यामुळे. डिसेंबर ते फेब्रुवारी शेतावर पाहुणे येतात, आगटीत हुरडा भाजला जातो आणि मग जेवणाचं काय, असा प्रश्न येतो. हुरडा पार्टी करणाऱ्या शेतकऱ्यांनी आमच्या कढया नेल्या आणि तेच म्हणाले, झाकणावर निखारे राहतील असं काहीतरी करा. अमेरिकेत कॅम्पिंगला ज्याला डच ओव्हन म्हणतात ते हेच : तीन पाय, जड बूड आणि उभ्या कडेचं सपाट झाकण. आमचं बारा इंची भांडं त्याच धर्तीचं आहे. तिकडे कोळशाच्या विटा मोजून लावतात, बारा इंची भांड्याला भाजकामासाठी आठ खाली आणि सोळा वर. आपल्याकडे बाभळीचे निखारे असतात, ते मोजत बसण्यापेक्षा एक वाटा खाली आणि दोन वाटे वर एवढं लक्षात ठेवा. दाण्याचा कूट आणि काळा मसाला भरलेली वांगी यात वरून-खालून अशी शिजतात की पाण्याची गरज पडत नाही. मुलांसाठी रव्याचा केकही होतो. मधूनमधून भांडं पाव फेरा एकीकडे आणि झाकण पाव फेरा दुसरीकडे फिरवायचं, म्हणजे एकाच जागी करपत नाही.

हे भांडं पाठीवर घेऊन गड चढायचा नाही, त्यासाठी ॲल्युमिनियमचं पातेलं बरं. गाडी जिथपर्यंत जाते तिथलं हे काम. आणि चूल स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या शेतातच मांडा. नान्नजचं माळढोक अभयारण्य असो की नळदुर्गचा किल्ला, तिथे विस्तव पेटवायचा नाही. हे आम्ही प्रत्येक भांड्यासोबतच्या चिठ्ठीत छापतो.

त्याच चिठ्ठीत धुण्याचंही लिहिलेलं असतं. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. थोडा साबण चालतो, भिजत घालणं चालत नाही. चिकटलेलं असेल तर जाडं मीठ आणि काथ्या. धुतल्यावर आचेवर कोरडं करून तेलाचं बोट फिरवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत एवढं पुरतं, कोकणातल्या आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांना पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं.

गंज चढलेले जुने तवेही लोक आमच्याकडे घेऊन येतात, आजीचा, सासूबाईंचा. गंज काढून, नव्यानं थर चढवून ते आम्ही परत देतो, भांडं आमचं नसलं तरी. तडा गेलेला तवा मात्र आम्ही वेल्डिंग करून देत नाही. रोज तापून गार होणाऱ्या बिडाचा जोड टिकेल याची खात्री देता येत नाही. तो वजनावर घेतो आणि नव्या तव्यातून तेवढे पैसे वळते करतो.

सध्या दोघांच्या घरासाठी सात इंची कढईचं काम चालू आहे. पॅटर्न तयार आहे, कान थोडे मोठे हवेत असं बायकोचं म्हणणं आहे, कारण फडक्यानं धरताना बोटं कढईला लागतात.